पंखा का फिरत नाही

४ मार्च, मंगळवार

गाडी तापली. ही बाजारातून आली ती तोंड पाडूनच. पिशव्या ओट्यावर ठेवायच्या आधी माझ्यापुढे उभी.

"अहो, काटा वर जातोय. चौकात थांबले की चढतो, मोकळ्या रस्त्याला लागले की उतरतो. काय असेल?"

या दोन वाक्यांतच उत्तर आहे. पळताना समोरचा वारा आपोआप मिळतो, म्हणून निवते. थांबल्यावर तो वारा पंख्याने द्यायचा, आणि पंखा देत नाही. पंखा बंद. माझ्या वर्गातला सगळ्यात मठ्ठ पोरगाही दुसऱ्या सत्रात हे सांगायचा. एकतीस वर्षं मी हेच शिकवलं — तापलेली गाडी, न चालू होणारी गाडी, खोकणारी गाडी.

शिवाय मी व्हरांड्यात खुर्चीवर बसलेला असतो, गाडी बारा पावलांवर. दारात येऊन ती इंजिन चालू ठेवून पिशव्या काढत होती, तेव्हा पंख्याची घरघर आली नाही. बावीस वर्षं तो आवाज मला पाठ आहे.

"मला काय माहीत," म्हणालो. "चालवतेस तू. बघ की."

५ मार्च

व्यायाम करून घेणाऱ्या बाईने ही वही लिहायला लावली. "सर, रोज एक पान. हात आणि डोकं दोन्ही चालू राहतील." वही कोणी वाचत नाही, म्हणून एक नियम केलाय — इथे खोटं लिहायचं नाही. बाहेर पुष्कळ होतं.

तर खरं ते: मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरलो, खुबा मोडला. दोन महिने दवाखान्यात. त्या दोन महिन्यांत ही गाडी शिकली. मला न विचारता. छप्पन्नाव्या वर्षी! घरी आलो तर परवाना दाखवला, फोटोत दात काढून हसतेय. म्हणे, "तुम्हाला न्यायला-आणायला कोण होतं दुसरं?"

बरोबर आहे. म्हणूनच राग आला.

६ मार्च

गाडीची एवढी घाई का, ते आज बाहेर आलं. पोरीला आठवा लागलाय. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. जावई जहाजावर, तो काही येत नाही. ती राहते डोंगरात, दवाखाना तिथून वीस किलोमीटर खाली. दारात गाडी हवी आणि गाडी चालवणारं माणूस हवं.

"मी जाते," ही म्हणाली. "बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहीन."

"आणि मी?"

"तुमच्या बहिणीला सांगितलंय. ती येऊन राहील. एकोणीसला येते."

सगळं ठरलेलं. बाहेरगावी जाताना शेजाऱ्याला कुंड्यांना पाणी घालायला सांगावं, तसं.

७ मार्च

पोरीशी सहा वर्षं बोलणं नाही. कारणही लिहून टाकतो.

ती माझ्याच संस्थेत, माझ्याच वर्गात शिकायला आली. बत्तीस पोरांत एकटी मुलगी. हुशार होती, हे मी तिला कधी म्हटलं नाही. शेवटच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाच्या गाडीत मी एक बिघाड करून ठेवला. तिच्या गाडीत दोन. बापाने पास केलं असं कोणी म्हणायला नको. तिने पहिला शोधला, गाडी चालू होईना, वेळ संपली. नापास.

महिन्याभराने स्टोअरकीपरने तिला सांगितलं. घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, दोन होते?" मी हो म्हटलं. तिने साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश, आणि बॅग भरली.

दुसरीकडून शिकली. आता एका वर्कशॉपची मुख्य आहे, हाताखाली नऊ माणसं. हे सगळं हिच्याकडून कळतं. मी विचारत नाही.

८ मार्च

आज एक गोष्ट घडली.

ही कुठूनशी आली, गाडी चांगलीच उकळत होती. तशीच उतरली, बॉनेट उघडलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरच्या झाकणावर ठेवलं.

उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडू नये. आत कोंडलेली वाफ असते, ती पाण्यासकट तोंडावर येते. माझ्या वर्गात एकाच्या हाताची कातडी मोज्यासारखी निघून आली होती. दर वर्षी पहिल्या तासाला मी ही गोष्ट सांगायचो.

मी बघत राहिलो. तिने झाकणावर जोर दिला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. हात झाकणावर तसाच.

मी चष्मा पुसला.

तिने फडकं काढून घेतलं. "गार झाल्यावर बघते," म्हणाली.

मी ओरडणारच होतो. — नाही. नियम आहे. ओरडणार नव्हतो.

९ मार्च

"पाणी कमी असेल," म्हणालो. पाणी काठोकाठ होतं.

१० मार्च

"मग थर्मोस्टॅट अडकला असेल," आज म्हणालो. मुद्दाम तो सांगितला, कारण तो काढायला निम्मं पाणी उपसावं लागतं आणि एक नट असा आडनिडा आहे की भल्याभल्यांची बोटं सोलतात.

तिने दिवसभर खपून काढला. जमिनीवर पोतं अंथरून. सोलली बोटं. थर्मोस्टॅट म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप; उकळत्या पाण्यात टाकून बघितला — उघडत होता नीट. हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. पुन्हा बसवला, पाणी भरलं, गाडी चालू करून उभी राहिली. काटा चढला.

संध्याकाळी बोटांना पट्ट्या लावून पोळ्या केल्या. मी एक जास्त खाल्ली.

११ मार्च

आज मोठं हत्यार काढलं. वर्गात वापरायचो तो आवाज काढला. "हे बघ, हेड गॅस्केट गेलेलं दिसतंय. म्हणजे इंजिन उघडायचं. बावीस वर्षांची गाडी, कोण उघडणार? भंगारात घाल."

ती पायरीवर बसली. मला वाटलं, आता रडेल.

"आपलं लग्न पस्तीस वर्षांचं आहे," म्हणाली. "त्याचं काय करायचं?"

आणि स्वतःच हसली. मी नाही हसलो. चांगला विनोद होता, पण मी नाही हसलो.

१२ मार्च

जेवण झाल्यावर ही मोबाइल कानाला लावून बाहेर आली. हातात दोन लांब वायरी. मोबाइल बॅटरीवर ठेवला, आवाज मोठा केला, पण मला नीट ऐकू येणार नाही इतकाच. पंख्याच्या मोटरचा प्लग सोडवला. वायरीचं एक टोक बॅटरीला, दुसरं सरळ मोटरला.

घर्रर्र. पंखा फिरला.

"फिरला गं," ही मोबाइलला म्हणाली. "म्हणजे मोटर चांगली."

आणि मग स्वतःशी पुटपुटली, पाठ केल्यासारखं: "शेवटापासून सुरू कर, एकेक पाऊल मागे ये."

माझ्या अंगावर पाणी ओतल्यासारखं झालं. हे वाक्य माझं आहे. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात मी ते लिहून ठेवायचो आणि वर्षभर कोणाला पुसू द्यायचो नाही. बिघाड शोधताना बॅटरीपासून पुढे जाऊ नका, जे चालत नाही तिथून मागे या. मोटर, मग तिला वीज देणारा रिले, मग फ्यूज, मग रिलेला हुकूम देणारा स्विच.

पलीकडे कोण आहे ते कळलं. नापास केलेली पोरगी माझी विद्या माझ्याच दारात आणून सोडतेय, तिच्या आईच्या हातून. पडल्या पडल्या.

"काय झालं?" हिने मला विचारलं.

"ऊन लागतंय," म्हणालो. तिने खुर्ची सावलीत सरकवली. आता गाडी नीट दिसत नाही.

१३ मार्च

फ्यूज तपासला. छोटा दिवा लावून, दोन्ही बाजूंनी. दिवा लागला, म्हणजे फ्यूज चांगला. घाई नाही हिला. एखादी गोष्ट कळली की कळल्याची खूण म्हणून मान हलवते. पोरगीही अशीच हलवायची.

खुर्ची परत उन्हात घ्यायला लावली.

१४ मार्च

रेडिएटरच्या खालच्या अंगाला एक स्विच असतो. पाणी पुरेसं तापलं की तो आतून जुळतो आणि रिलेला सांगतो, सोड वीज. आज हिने त्या स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या. म्हणजे स्विच मध्ये नाहीच, हुकूम सरळ. आता पंखा फिरायलाच हवा.

टक्.

मलाही ऐकू आलं. रिलेचा आवाज. पण पंखा गप्प.

"टक् झालं, पण फिरला नाही," ही मोबाइलला म्हणाली.

इथेच संपलं होतं सगळं. रिले म्हणजे काळी काड्यापेटीएवढी डबी. हुकूम आला की आतलं दार उघडतं आणि मोठी वीज मोटरकडे जाते. टक् म्हणजे कडी निघाली. पण आतली टोकं जळलेली असली तर कडी निघते, दार उघडत नाही. जुन्या गाडीत नेहमीचं.

मी हाक मारली. "टक् झालं ना? मग रिले चांगला आहे. आवाज येतो म्हणजे काम करतो. मधली वायर तुटलीय कुठेतरी. आख्खी वायरिंग उसवावी लागेल, आठवडा जाईल."

किती सहज आलं तोंडातून. शिक्षकाच्या आवाजात सांगितलेलं खोटं पटकन खरं वाटतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

"हो का," ती म्हणाली. मोबाइल बंद केला, वायरी गुंडाळून आत गेली. जेवताना मी दोनदा आमटी मागितली, दोनदा वाढली.

१५ मार्च

पटलं नाही तिला.

सकाळीच बॉनेट उघडलं. पंख्याचा रिले काढला. शेजारी हॉर्नचा रिले असतो, हुबेहूब तसाच, तोही बावीस वर्षांचा. दोघांची अदलाबदल केली. वायरी जोडल्या.

टक्. घर्रर्र.

मग ती आत बसली आणि हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. आवाज नाही. बिघाड पंख्यावरून उठून हॉर्नवर गेला होता, म्हणजे बिघाड त्या डबीतच. ती मुका हॉर्न दाबत राहिली आणि हसत राहिली, परवान्यावरच्या फोटोसारखी.

मोठ्याने म्हणालो, "हॉर्न घालवलास."

काच खाली करून म्हणाली, "हो. आता रस्त्यात ओरडावं लागेल. तुम्ही शिकवा."

१६ मार्च

नवा रिले आणला. बसवला. वीस मिनिटं दारात इंजिन चालू ठेवलं. काटा मध्यावर, पंखा आपला आपण लागतो, आपण बंद होतो. हॉर्नही वाजला.

जुना रिले फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात टाकला. माझ्यासमोर. "असू दे," म्हणाली.

एक विचार आला. लिहीत नाही. — लिहिलाच म्हणायचा.

१८ मार्च

उद्या सकाळी साडेसहाला निघणार. दिवसभर बांधाबांध. बाळाची दुपटी, पोरीची जुनी शिवलेली झबली, औषधं. माझ्या गोळ्या सात डब्यांत वारांप्रमाणे भरल्या.

म्हणालो, "तू नसताना पडलो तर?"

"पडलात तेव्हा मी शेजारच्या खोलीतच होते."

मला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. कुठे लागतं ते पस्तीस वर्षांत माहीत झालंय. दोन वर्षांपूर्वी पोरीचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. म्हणालो, "मागचं टिकलं नाही. हे टिकेल कशावरून? फुकट जातेयस."

ती दुपट्याची घडी घालत होती. घडी अर्धीच राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. मग ती घडी मोडली, पुन्हा पहिल्यापासून घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

संध्याकाळी मला आंघोळ घातली. पाणी नेहमीसारखंच कोमट होतं. कढत असतं तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च, सकाळी सात

केलं.

सहाला ती न्हाणीत गेली. बादलीत पाणी पडायचा आवाज सुरू झाला तसा उठलो. वॉकर घेऊन फडताळापर्यंत. डबा. रिले खिशात. मग तीन पायऱ्या, आडव्या अंगाने, एकेक. मग बारा पावलं. खुबा मोडल्यापासून मी एकटा पायरी उतरलो नव्हतो. जमत नाही म्हणून सांगत होतो. जमतं.

गाडीचं दार उघडंच होतं, सामान भरलेलं. बॉनेट उचललं. उजाडलं नव्हतं नीट; हाताच्या सवयीने चाचपूनच नवा काढला, जुना बसवला. तपासायचं काही कारण नव्हतं. बॉनेट तळहाताने दाबून लावलं, आवाज होऊ दिला नाही. नवा रिले पायजम्याच्या खिशात.

ती आली तेव्हा मी खुर्चीत.

"घाम का आलाय एवढा?"

"उकडतंय."

आपल्या टॉवेलने तिने माझं कपाळ पुसलं, मान पुसली. ओल्या केसांचं पाणी माझ्या हातावर पडलं. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. "बाराला येईलच तुमची बहीण. येते मी."

गेली. हॉर्न वाजवला एकदा, वळणावर.

आता थांबायचं. मोठ्या चौकात अडकेल, काटा चढेल, अर्ध्या तासात परत येईल. बोलायचं काय तेही ठरलंय. म्हणेन, मी सांगत होतो, वायर.

१९ मार्च, साडेनऊ

आली नाही.

साडेसहाला चौकात कोण असतं. मूर्ख. ती सरळ बाहेर पडली असणार. बाहेर मोकळा रस्ता. मोकळ्या रस्त्याला वारा लागतो, काटा चढत नाही. तिला काही कळणारच नाही. दोन तास काही कळणार नाही. मग डोंगर.

चढाला गाडी भरलेली, वेग कमी, इंजिनावर जोर, वारा नाही. तिथे तापेल. एकदम. आणि तिथे घर नाही, माणूस नाही, सावली नाही. ती उतरेल. बॉनेट उघडेल. फडकं घेईल.

हे मला सकाळी सुचलं नाही? एकतीस वर्षं शिकवलं आणि हे सुचलं नाही?

सुचलं होतं. नियम आहे. पायऱ्या चढताना सुचलं होतं. परत उतरायला वेळ होता.

१९ मार्च, दहा वाजून दहा मिनिटं

तिचा मोबाइल वाजतो, उचलत नाही. सात वेळा केला.

तो हात डोळ्यांपुढून जात नाही. झाकणावर ठेवलेला. आणि तिने वळून पाहिलं ते. आज वळली तर तिथे कोणी नसेल चष्मा पुसायलासुद्धा.

१९ मार्च, साडेदहा

पुन्हा चार वेळा. वाजतोय नुसता.

१९ मार्च, पावणेअकरा

फ्रिजवर तिने कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात. डॉक्टर, औषधांचं दुकान, बहीण. सगळ्यात खाली पोरीचा नंबर. सहा वर्षं या घरात तो नंबर आहे आणि मी तो वाचलेला नाही.

तिला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. रिले जुना आहे हे मला कसं कळलं, हे ती पहिल्यांदा विचारेल. तिला मीच शिकवलंय.

चढाच्या पायथ्याशी एक चहाची टपरी आहे. तिथल्या कोणाला ओळखत असेल ती. कोणीतरी अडवू शकेल.

करतो.

१९ मार्च, दुपार

पोरीने "हॅलो" म्हटलं आणि मी एका दमात सांगितलं. जुना रिले आहे, मी बदलला, चढाला उकळेल, कोणाला तरी पाठव, झाकण उघडू देऊ नकोस तिला. मग मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज.

ही बोलली. अर्ध्या तासापूर्वीच पोचली होती. मोबाइल पिशवीत राहिला होता.

"जळलेला रिले मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला. दोन नवे आणले होते, एक पंख्याला, एक हॉर्नला. डब्यात होता तो हॉर्नचा, चांगला."

खिशातल्या नव्या रिलेवर माझा हात गेला.

"तुम्ही बदलणार हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "फोन कराल असं वाटलं नव्हतं."